न धुतलेला शिंपला

ता. ४ ऑगस्ट

ती. मामास,
सा. न. वि. वि.

दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मीच सांगते. नोव्हेंबरच्या परिषदेत माझा निबंध घेतला आहे. अध्यक्ष तू आहेस. आणि निबंधात म्हटलंय की तू चुकलास. आधी पाणी पिऊन ये, मग पुढे वाच.

शिंपला म्हणजे थरावर थर रचलेला चुना. तो इतक्या शिस्तीत कोण बसवतं, यावर तू आयुष्य घातलंस आणि उत्तर दिलंस, प्रथिनं. थरांच्या मधे जो चिकट लगदा असतो, साखरेच्या लांबलचक साखळ्यांचा, म्हणजे पॉलिसॅकराइडचा, त्याला तू भुसा म्हणतोस. काचसामानाभोवती भरतात तसला. मी तो भुसा वेगळा काढून चुना विरघळलेल्या पाण्यात घातला. एरवी टोकदार खडे जमतात, तिथे चपट्या चकत्या एकीवर एक बसल्या. मग प्रथिनं तोडणारं एन्झाइम घातलं, तरी चकत्याच. साखर तोडणारं घातलं, तर पुन्हा टोकदार खडे.

तुला हे दिसलं नाही, कारण तू धुतोस. शिंपल्याची भुकटी ब्लीचमध्ये भिजवल्याशिवाय तिला हात लावायचा नाही, हा तुझा नियम. ब्लीचने लगदा वाहून जातो आणि कणांच्या आत अडकलेली प्रथिनं तेवढी उरतात. घरात जो उरला त्यालाच तू घरमालक समजलास.

तुझ्या टेबलावर माझा तो शिंपला अजून आहे का? लहानपणी मुठीत घट्ट धरून मी भोकाड पसरलं होतं, पण तुला तो धुऊ दिला नव्हता. मामीला नमस्कार. रागाव हवं तेवढं, लोभ मात्र आहे तेवढाच राहू दे.

तुझी
भुंगा


ता. १२ ऑगस्ट

चि. भुंगा हिस,
अ. आ.

पाणी प्यायलो. उपयोग झाला नाही.

तुझा लगदा स्वच्छ नाही. त्यात प्रथिनं दडून बसली असणार आणि तुझ्या एन्झाइमला ती सापडली नसणार. असले दावे करणारे मी पुष्कळ पाहिले, पुढच्या वर्षी ते कुठे असतात कुणालाच ठाऊक नसतं. तुझी नोकरी अजून कच्ची आहे आणि ती पक्की करणारी माणसं माझ्या शब्दाला मान देतात. हे धमकी म्हणून लिहीत नाही, काळजीने लिहितो. निबंध मागे घे, वर्षभर थांब. नाहीतर अध्यक्षाच्या खुर्चीतून मला तुझ्या चिंध्या कराव्या लागतील, आणि भाची म्हणून मी हात राखणार नाही.

शिंपला जागेवर आहे. कागद उडू नयेत म्हणून ठेवतो, दुसरं काही मनात आणू नकोस.

तुझ्या भल्याचंच बघणारा
मामा


ता. २० ऑगस्ट

ती. मामास,
सा. न. वि. वि.

निबंध मागे घेणार नाही. वरच लिहिलं, म्हणजे तुला शोधत बसायला नको.

प्रश्न विचारायला तूच शिकवलंस वगैरे गोडगोड मी लिहिणार नाही, कारण ते खरं नाही. तू मला गप्प बसून बाटल्या धुवायला शिकवलंस. बाटल्या अजून धुते. गप्प बसणं काही जमलं नाही.

नोकरी गेली तर रडेन. या प्रयोगशाळेत माझा जीव अडकलाय. पण डोळ्यांनी पाहिलेलं पाहिलंच नाही म्हणून टिकवलेल्या नोकरीवर रोज सकाळी उठून जायचं कोणत्या तोंडाने? तेव्हा खुशाल चिंध्या कर. फक्त त्याआधी एकदा करून बघ. माझा लगदा घेऊ नकोस, नाहीतर म्हणशील पोरीची बाटलीच घाण होती. शिंपला तुझा, चुना तुझा, हात तुझे. फक्त धुऊ नकोस. एवढं एक ऐक, मामा.

हट्टी असले तरी तुझीच
भुंगा


ता. ९ सप्टेंबर

चि. भुंगा हिस,
अ. आ.

तुझे मामा माझ्याशी बोलत नाहीत, म्हणून तुला लिहिते. मदतनिसांना घरी पाठवून स्वतः दार लावून बसतात. परवा प्रयोगशाळेतली चिकट लगद्याने भरलेली गाळणी न धुता घरी आणली आणि फ्रीजमध्ये दुधाशेजारी ठेवली. पेल्यावर बोटाचा डाग दिसला तर तो पुन्हा घासायला लावणारा हा माणूस. हात लावू नकोस म्हणून मलाच दरडावलं. जेवताना म्हटलं, चुकलं असेल तर चुकू दे, आधी जेवा. तर पानावरून उठून गेले.

मला त्यांची फार दया येते गं. तरीही सांगते, आता तू कच खाल्लीस तर या घरात पाऊल ठेवू नकोस. दयेपोटी घेतलेली माघार त्यांना लगेच कळते, आणि ती ते तुला कधी माफ करणार नाहीत. पोटभर जेवत जा.

तुझी
मामी


ता. २ ऑक्टोबर

चि. भुंगा हिस,
अ. आ.

करून पाहिलं. कपाटात सगळी धुतलेलीच भुकटी, जन्मभर दुसरं काही ठेवलंच नाही. ताजे शिंपले मागवले असते तर चार जणांना कळलं असतं, आणि तेवढा मोठेपणा माझ्यात नाही. न धुतलेला असा एकच शिंपला माझ्याजवळ होता. टेबलावरचा तोच फोडला. चकत्या आल्या. साखर तोडली, खडे आले. पुन्हा केलं, पुन्हा तेच. मग भुकटी संपली.

फार लागलं मला. मामीने लिहिलंच असेल.

पण हुरळून जाऊ नकोस. एका शिंपल्यावरून जगातले सगळे शिंपले ठरत नाहीत, आणि प्रथिनं काहीच करत नाहीत हे तू अजून दाखवलेलं नाहीस. अध्यक्षपद सोडत असल्याचं कळवलं आहे. त्या खुर्चीत बसून मनासारखं भांडता येत नाही. मी पहिल्या रांगेत बसणार आणि उठून विचारणार. उत्तर दिल्याशिवाय सोडणार नाही. मात्र दुसऱ्या कुणी तुझ्या नोकरीचा विषय काढला, तर त्याची गाठ माझ्याशी आहे.

येताना दुसरा शिंपला आण. टेबलावरचे कागद उडतात. धुऊ नकोस.

मामा