बाईंचा टाइपरायटर

शनिवार, संध्याकाळ. पोलादपूर.

आज स्वतःचीच लाज वाटतेय. माझ्या आईला टायपिंग शिकवणाऱ्या बाईंचा टाइपरायटर महाडच्या बंद पडलेल्या क्लासमधून मी उचलून आणला, तेव्हा पुराचा गाळ त्यात दगडासारखा बसला होता. पावसाळाभर रॉकेल, टूथब्रश, शिलाई मशीनचं तेल. शेवटी एकूण एक कळ उठायला लागली. आज तो घेऊन दासगावला बाईंच्या घरी गेलो.

टेबलावर ठेवला आणि लगेच मोबाइल काढला. का काढला? बाई मशीनकडे बघत राहिल्या, हात पदराखाली.

"बाई, एक ओळ मारा ना."

"आता नको रे."

"एकच ओळ, व्हिडिओपुरती."

त्यांची सून दारातून म्हणाली, "भाऊ, आईंची बोटं वळत नाय आता." तरी मी मोबाइल खाली घेतला नाही. मग बाईंनी हात बाहेर काढले. बोटं पार वाकडी झालेली. त्यांनी एक कळ दाबली, ती पुरती खाली गेलीच नाही. हात परत पदराखाली. गंजाची एवढी काळजी केली मी, आणि या हातांची साधी चौकशीही केली नाही?

बाईच हसल्या. "छान केलंस. तू बस इथं, कुठलं बोट कुठं ठेवायचं ते मी सांगते."

बसायला काय झालं होतं मला? पण त्यांच्याकडे बघवेना. "एसटी चुकेल," असं म्हणालो आणि निघालो.

मोटारसायकल अंगणातच उभी होती. किक मारली, तो आवाज त्यांना घरात ऐकू गेलाच असणार.