उमरावाची आखणी

३ फेब्रुवारी २०१४, कुरुम, मस्कत
पोचलो एकदाचा! पेणच्या मूर्तिकाराला मस्कतचा व्हिसा, आहे की नाही गंमत? अर्बाब हसन (इथं मालकाला अर्बाब म्हणतात) यांचा बंगला म्हणजे नुसता थाट. काम एवढंच: त्यांनी युरोपातून आणलेल्या संगमरवरी पुतळ्याचं तुटलेलं नाक बसवायचं आणि दगड धुऊन काढायचा. पुतळा छातीपर्यंतचा, अडीचशे वर्षांपूर्वीच्या कुणा फ्रेंच उमरावाचा. डोक्यावर कुरळा टोप, ओठांत माज. खानसामा हारून रत्नागिरीचा निघाला. म्हणाला, हितं दिवसभर यल्ला यल्ला, म्हंजे चला चला, चालतं, पण जेवण वेळेवर. बायको सुगंधा फोनवर म्हणाली, गणपतीआधी या, तुमच्याशिवाय मूर्तींचे डोळे कोण आखणार?

९ फेब्रुवारी
नाक झालं. दगडाची पूड राळेत कालवून बसवलं. जोड शोधून दाखवा म्हणावं! एकच गोष्ट खुपते. उमरावाला बुबुळंच नाहीत, नुसते गुळगुळीत पांढरे डोळे. अर्बाब म्हणाले, तिकडच्या पुतळ्यांची रीतच तशी, हात लावू नकोस. पण आमच्यात डोळे उघडल्याशिवाय मूर्ती कारखान्याबाहेर जात नाही. माझ्या आखणीसाठी लोक महिना महिना थांबतात.

११ फेब्रुवारी
अर्बाब सोहारला गेलेत. मला राहवलं नाही. बारीक छिन्नीने दोन्ही बुबुळं कोरली. काय जिवंत झालाय गडी! हारून चहा घेऊन आला आणि दारातच थबकला.

१४ फेब्रुवारी
उजव्या डोळ्याने अंधुक दिसतंय. रुवीच्या डॉक्टरने तपासलं. म्हणे डोळे ठणठणीत आहेत. हात दाखवून अवलक्षण तर केलं नाही ना मी?

१६ फेब्रुवारी
उजवा गेला. पुतळ्याचा उजवा डोळा ओला दिसतो. दोन्ही बुबुळं पुडीने बुजवली, तासाभरात सगळी गळून पडली. भीती वाटते. आंधळ्या मूर्तिकाराला कोण विचारणार? सुगंधाला काय सांगू?

१८ फेब्रुवारी
डावाही. पण काळोख नाही. दिसतं, पुतळ्याच्या चौथऱ्यावरून दिसतं. समोर टेबलाशी एक माणूस बसलाय, माझा शर्ट घालून. मी हात हलवला, त्याने हलवला. हे तोच लिहितोय. हातोडा उचलला. पण हा पुतळा फुटला तर एवढी नजरही—

२० फेब्रुवारी
अर्बाब परतले. त्यांच्या म्हाताऱ्या आईला ते उघडे डोळे खपेनात. अर्बाब म्हणाले, खलास, पेटीत घाला, गोदामात टाका. मी पाया पडलो. पडताना मलाच मी वरून दिसलो. हारूनला सांगितलं, पुतळ्यात माझे डोळे आहेत. त्याने कपाळाला हात लावून ताप बघितला.

२१
पेटीत ठेवलं. चारही बाजूंनी फळ्या. पेंढा, हनुवटीपर्यंत. वही लांब दिसते, ओळी एकमेकींवर—
हारून झाकण आणतोय. माझ्याकडे बघत नाही—
खिळा. अजून एक.
फटीतून बोटभर उजेड. त्यात माझा हात दिसतोय, तो अजून