बाबांच्या डेकचा जुना बेल्ट

ताई,

बाबांच्या कॅसेट डेकचा बेल्ट बदलून आणला. नसता शहाणपणा. जुना बेल्ट सैल पडला होता, त्यांच्या आवाजाची कॅसेट रडतखडत फिरायची, म्हणून ते गेल्यापासून आईला त्यांचा आवाज भारदस्त ऐकू यायचा. आता योग्य वेगात बाबा सर्दी झालेल्या कारकुनासारखे बोलतात. आई म्हणाली, "हा कोण बाप्या? ह्यांना कुठे ठेवून आलास?" सकाळपासून तिच्या पोटात अन्न नाही.

मेकॅनिकच्या कचऱ्यातून जुना बेल्ट शोधून आणायला चाललोय. तो मला वेड्यात काढील, काढू दे. जेवण झाकून ठेवलंय, तुझ्या हातून खाते का बघ.

डेक मात्र लावू नकोस. बाबांचा खरा आवाज तोच असणार. पण दोनदा ऐकला, मलाही ओळखू आला नाही.