कलावतीकाकूंची पानं

२ डिसेंबर
मारोतकाकांनी आज मले काकूंच्या खुर्चीवर बसवलं. ठेवलं होतं औषध द्यायला, अंघोळ घालायला. पण शेजारचे सुशीलभाऊ अन् मीनलवहिनी रोज संध्याकाळी येतात, ब्रिजले चार जण लागतात. कलावतीकाकू उन्हाळ्यात गेल्या – पत्ते हातात असतानाच. काकांनी ती तेरा पानं त्यांच्या चितेवर ठेवली. आता नवा कॅट आहे, निळ्या पाठीचा. जुना लाल होता म्हणे.

४ डिसेंबर
शिकून राहिलो. एक्क्याचे चार गुण, राजाचे तीन, राणीचे दोन, गुलामाचा एक. समोरासमोरच्या दोघा भिडूंचे मिळून तेहतीस झाले तर स्लॅम बोलायचा – तेरापैकी बारा हात आपले.
"नुसतं मोजू नको बे," काका म्हणाले. "समोरच्यापाशी काय आहे ते समजलं पाहिजे. कलावतीले समजत होतं."
काकूंचा शेवटचा शब्द – फोर नो ट्रम्प. म्हणजे, तुमच्यापाशी एक्के किती? काका उत्तर देणार, तर काकूंची मान खाली.

७ डिसेंबर
गावाकडच्या देवेंद्रचा सुरतहून फोन. मिलमध्ये जागा आहे, ये. इथं दिवसभर काकांचा खोकला अन् भिंती. काकायले सांगितलं.
"एक स्लॅम कर माझ्यासंग. मग जा."
अकरा तारखेचं तिकीट काढलं.

९ डिसेंबर
हलकी पानं. दरवेळी पास म्हटलं, बोली नाहीच. वहिनी म्हणे, "काका, ये तो पास की मशीन है."

१० डिसेंबर
खोटं बोललो.
काकांनी आधी हार्ट बोलून मग फोर नो ट्रम्प विचारलं. माझ्यापाशी एकच एक्का, बदामचा. त्याले फाइव्ह डायमंड म्हणायचं. मी फाइव्ह हार्ट म्हटलं – दोन आहेत. बोलल्याशिवाय स्लॅम होत तर नाही.
काका माझ्या पानांच्या पाठीकडं पाहून हसले. "सिक्स हार्ट." म्हणजे स्लॅम.
वहिनींनी इस्पिकचा एक्का टाकला. आता माझी पानं टेबलावर उघडी मांडायची. मांडली. इस्पिकची दुर्री होती तिथं एक्का. तोच, दुसरा.
सुशीलभाऊंनी उलटा केला. पाठ लाल.
"तूने रखा क्या?"
मी नाही म्हटलं. चहा तसाच ठेवून दोघं निघून गेले.
"मले समोरून दिसून राहिली होती," काका म्हणाले.

११ डिसेंबर, दुपार
बॅग भरली. पाया पडलो. काका म्हणे, "स्लॅम कुठं झाला? डाव तर अर्धा राहिला. एक वाटतो, दोघंच." गाडीले वेळ होता. बसलो.

११ डिसेंबर
गाडी गेली असेल. पानं उचलली तवा तेराही लाल पाठीची होती. इतकी भारी पानं मले कधी आली नाहीत. पास म्हणायला तोंड उघडतो तर काकूंचा शेवटचा शब्द येऊन राहिला. म्हणून ओठ दाबून लिहून राहिलो, पानं डाव्या हातात.
काका वाट पाहून राहिले.
"बोल, कलावती."