खालच्या मेनूचं नाव

३ मार्च
झालं! वाचनालयाची साइट तपासणीला गेली आणि पहिल्याच पानावर आपटली. तपासनीस, म्हणजे पलीकडच्या टेबलावरचा तो. त्याला दिसत नाही, स्क्रीन रीडर पान वाचून दाखवतो ते कानाने ऐकतो. म्हणे, "मेनू कुठाय? मला नुसते शब्द ऐकू येतायत."

मी म्हटलं, अरे, वर एवढा मोठा निळा पट्टा आहे! — आणि जीभ चावली. तो मात्र खो खो हसला. माझा आख्खा दिवस तिथेच गेला.

४ मार्च
साहेब: "दिसतोय ना मेनू? मग झालं की!"

नाही झालं! सगळा मेनू मीच डिव्हमध्ये कोंबलेला. डिव्ह म्हणजे बिनचिठ्ठीचा डबा, आत काय आहे ते कळायला मार्ग नाही. आज डबे फेकले. बाहेरून नॅव्ह, म्हणजे 'इथे मेनू आहे' अशी चिठ्ठी, आत यादी, यादीत लिंका. त्याने ऐकलं — "नेव्हिगेशन. यादी. सहा आयटम." आणि एका झटक्यात पुस्तकं शोधायच्या पानावर! "हां, आता कळलं कुठे जायचं ते," म्हणाला. जिन्यात जाऊन एकटीच नाचले.

६ मार्च
पानाच्या तळाशी दुसरा मेनू आहे. त्यालाही नॅव्ह केलं, तर दोन्हीकडे नुसतंच "नेव्हिगेशन". तपासनीस म्हणतो, "घरात दोघींनाही ताईच म्हटलं तर ओ कोणी द्यायची? वेगळी नावं दे."

ही नावं पडद्यावर दिसत नाहीत, फक्त ऐकू येतात. वरच्याला दिलं, "मुख्य मेनू". खालच्याला गंमत म्हणून, तात्पुरतं हं — "तू हसलास की मला काही सुचत नाही". जाताना बदलते.

७ मार्च
बदललं नाही!!! तसंच तपासणीला पाठवून मोकळी झाले! मेले मी. सकाळपासून त्याचं अक्षर नाही. रागावला असेल तर? पुन्हा कधी बोललाच नाही तर? मला खरंच आवडतो हो तो!

जेवताना धाकटी म्हणाली, "ताई, पाणी ताटात ओततेयस."

८ मार्च
शेरा आला. "मेनू पास. खालच्याचं नाव तेवढं काढ. माझ्या मशीनचा आवाज चांगल्या जाडजूड बाप्याचा आहे, त्याच्या तोंडून हे ऐकवत नाही. तूच येऊन म्हण."

गेले. म्हटलं!