ट्यूरिंग, मी आणि डाळीचा डबा

३ नोव्हेंबर, सोमवार. जळकोट.
नात तनुजा नांदेडहून सुट्टीला आली. कॉम्प्युटरचं शिकते. कॉलेजात भाषण हाय म्हणून माझ्यासमोर घोकून राहिली. ट्यूरिंग नावाचा एक गोरा, गणितातला, कॉम्प्युटर निघायच्या आधीचा. त्यानं म्हणे सिद्ध केलं, की कोणतं काम संपंल आणि कोणतं चालूच राहील, हे दरवेळी बिनचूक आधी सांगणारी रीत कुणालाच बनवता येणार न्हाई. मशीनलाबी न्हाई.
मला इचारायचं होतं त्यानं. चौथी शिकले, पण कीर्तनकार कधी थांबंल हे त्याच्या पहिल्या खोकल्याला सांगते.
पैज लागली. चार दिवस मी आधी सांगायचं. चुकले, तर लातूरला जाऊन मोतीबिंदू काढायचा. माझे डोळे धड हायेत. शाईच आजकाल पातळ येते.

४ नोव्हेंबर.
सून तारामती मुदखेडला आईला फोन लावून बसली. तोंडावर सांगितलं, तासभर संपत न्हाई. तिनं लगेच ठेवला. झालं की आत्याबाई, म्हणाली.
तनुजा टाळ्या पिटू लागली. म्हणे ट्यूरिंगचा पुरावा हाच. ज्याचं भाकीत, त्याच्याच हातात द्यायचं आणि त्याला उलटं करायला लावायचं. भाकीत मेलं.
लबाडी. हे धरायचं न्हाई. आता सकाळी गुपचूप वहीत लिहायचं, रात्री सगळ्यांसमोर वाचायचं. दिवसभर वही तुरीच्या डाळीच्या डब्यात, तळाला. तिथं कुणाला सुचतंय!

५ नोव्हेंबर.
लिहिलं: पोरगा वैजनाथ बोअरची मोटर खोलून बसलाय, आज जोडून होत न्हाई.
जेवायच्या आत जोडली. मधी बायको त्याच्या कानाशी लागली होती. मोटरच हलकी. हेबी धरायचं न्हाई.
वरण मात्र झकास झालं होतं.

६ नोव्हेंबर.
लिहिलं: तनुजाचं घोकणं दुपारी बंद पडंल.
दिवेलागणीपर्यंत चालू. घसा बसला तरी चालू. माझ्यावर गेलीय.
वही तळाला ठेवली होती, वर सापडली. डाळ खाली बसत असंल.

७ नोव्हेंबर.
आता असं लिहिते की कुणाच्या बापाला खोटं पाडता येणार न्हाई. मी लातूरला जाणार न्हाई. माझ्यावर माझ्याशिवाय कुणाची सत्ता न्हाई. संपलं.

११ नोव्हेंबर. लातूर.
उजव्या डोळ्याचं झालं. पैजेमुळं न्हाई. दवाखाना कसा हाय ते बघायला आले होते.

१३ नोव्हेंबर, सकाळ. जळकोट.
पट्टी निघाली. वही उघडली. पानापानावर खाली पेन्सिलीचं बारीक अक्षर. मी डाग समजत होते.
५ तारखेखाली तारामती: वाचलं. त्यांना लवकर जोडायला सांगते.
६ खाली तनुजा: वाचलं. आज थांबत नाही.
७ खाली वैजनाथ: वाचलं. गाडी सांगितली.
म्हणजे सगळं घर! डाव्या डोळ्याला मी मेले तरी जाणार न्हाई. वही आता पिठाच्या डब्यात.

दुपार, भाकरी झाल्यावर.
खाली पेन्सिल हाय. चष्म्याबिगर वाचता आलं.
वाचलं आत्याबाई. पुढच्या महिन्यातली बारा तारीख मिळालीय.