जर्मन साहेबाची सलामी

मास्तर, काल पोलिसांच्या अमीनसाहेबांनी मला कचेरीत बोलावून घेतलं आणि जो प्रश्न तुम्हाला विचारला होता तोच मला विचारला. पुन्हा जर्मनशी लढाई जुंपली आहे. तुम्हाला जाऊन वीस-बावीस वर्षं झाली, ही बातमी तुमच्यापर्यंत कोण पोचवणार, म्हणून मीच सांगतो. कचेरी तीच आहे, भिंतीला चुना नवा आहे. अमीन नवा आहे, वयानं माझ्या थोरल्या मुलाएवढा. मी त्याच ठिकाणी उभा होतो जिथे तुम्ही उभे होता. तुमचे पाय तेव्हा जागचे हलले नव्हते, हे मला पक्कं आठवतं, कारण मी तुमच्या तोंडाकडे बघायची हिंमत नसल्यानं सगळा वेळ तुमच्या पायांकडेच बघत होतो.

तुमची हकीकत आता सांगणारा मीच उरलोय. धनगराच्या घरात जन्मलात, बापामागे मेंढरं हाकलीत, आणि मोमिनाबादच्या छावणीत पलटणीचा बँड ऐकून मेंढरं तिथंच सोडून आत शिरलात. पलटणीचा बँडमास्तर जर्मन होता. त्यानं तुम्हाला ठेवून घेतलं, आधी ढोलावर, मग बिगुलावर, मग हातात क्लारनेट दिलं आणि सूर कागदावर मांडायला शिकवलं. छावणी उठली, साहेब हैदराबादेकडे निघून गेला, आणि मोडीत निघालेली पितळेची वाद्यं घेऊन तुम्ही बीड जिल्ह्यातला पहिला बाजा उभा केलात. दहा वर्षांत अशी वेळ आली की तुमचा बाजा मिळत नाही म्हणून लोक लग्नाची तिथी पुढे ढकलायला लागले. नारायणगडाच्या जत्रेत तुमच्यासाठी वाट सोडायचे. जिल्ह्याच्या तालुकदाराची स्वारी आली की सलामीला तुम्हीच. आणि तुम्ही छडी उचलून पुढे उभे राहिलात की गर्दीतून एकच हाक यायची, "मास्तर, जर्मनची होऊ द्या!" त्या हाकेवर तुमच्या छडीची वाट बघायची नाही, क्लारनेटनं एकट्यानं उठायचं आणि बाकीच्यांनी मागून यायचं, हा आपला रिवाज. लोकांना तो फार आवडायचा. बाजा आपल्याच हुकमाचा ताबेदार आहे असं त्यांना वाटायचं, आणि तुम्ही गालात हसायचे.

लोक जर्मनची म्हणायचे ती धून त्या जर्मन साहेबाची नव्हती. हे दोनच माणसांना ठाऊक होतं.

युसूफ वडगावच्या अलीकडे आपल्या गाडीचं चाक निखळलं तो दिवस मला आजही डोळ्यांपुढे दिसतो. ऐन दुपार आहे. बाकीची मंडळी लोहाराला आणायला गेली आहेत, आणि आपण दोघं एका मेंढरांच्या वाड्याजवळ बाभळीखाली बसलो आहोत. एक म्हातारी कोकरांना हाका घालते आहे, आधी लांब, मग दोन तुटक, मग पुन्हा लांब. तुमचा पाय हलायला लागतो. तुम्ही माझ्या मांडीवरचं क्लारनेट उचलता आणि ती हाक वाजवता, मग ती फिरवता, तिला पावलं बसवता. म्हातारी वळून बघते आणि म्हणते, "आरं, मेंढरं गडबडत्याल की!" तुम्ही हसता, आणि तिथंच गुडघ्यावर वही ठेवून सगळं मांडता. तुम्हाला सूर लिहिता यायचे, अक्षर मात्र एकही येत नव्हतं. साहेबानं शिकवलं होतं की धुनेच्या डोक्यावर ती बांधणाऱ्याचं नाव लिहायचं, म्हणून ते लिहायला तुम्ही वही माझ्याकडे दिलीत.

"लिव. जर्मन साहेब."

"आवो मास्तर, ही तर आत्ता तुमी बांधली! कावून त्याचं नाव?"

"धनगराच्या पोराची धून म्हनलं तर देशमुखाच्या घोड्यापुढं कोन वाजू दील बे? सायबाची म्हनलं की मान हालवत्यात. लिव मुकाट्यानं. आन् कान तर त्यानंच दिलेत न्हवं."

मी लिहिलं. त्या धुनेवर लिहिलं, तिच्या आधीच्या सगळ्यांवर लिहिलं, नंतरच्यांवरही लिहिलं. वही भरली, आणि प्रत्येक पानाच्या डोक्यावर माझ्या वळणदार अक्षरात जर्मन साहेब. त्याच संध्याकाळी तुम्ही नदीकाठच्या बोरूची पत्ती, क्लारनेटच्या तोंडाला बसवून फुंकतात ती, तासून मला दिलीत आणि म्हणालात, "ह्या धुनेला तूच उटायचं. दुसरा कुनी न्हाई." मी ती पत्ती तपकिरीच्या डबीत जपून ठेवली होती. तेव्हा मी तेवीस वर्षांचा बाप्या होतो, घरात बायको होती, पण त्या रात्री आनंदानं झोप लागली नाही.

मग परळीची वरात. ते मी इतकी वर्षं मनात धरून बसलो, म्हणून तेही लिहितो. जर्मनची चालू होती, बायका माडीवरून बघत होत्या, पोरं शिट्ट्या मारत होती, आणि मला चेव चढला. त्या दुसऱ्या तुटक हाकेत मी माझ्याकडचे सुरांचे दोन-चार गिरके घातले. लोक ओरडले, मी आणखी घातले. तुम्ही भर रस्त्यात, नवऱ्याच्या घोड्यापुढे, छडी आडवी धरून बाजा थांबवलात. वाजता बाजा कधी थांबतो का, मास्तर? नवऱ्याचा मामा धावत आला. तुम्ही त्याच्याकडे बघितलंही नाही.

"मेंढराला अशी हाक मारली तर येईल का ते?" तुम्ही मला विचारलंत. "हातातलं ठिव. झांजा घे."

माझं क्लारनेट तुम्ही माझ्या शेजारच्याला दिलंत. उरलेल्या वरातीत मी झांजा वाजवल्या. घरी जाऊन बायकोला सांगितलं नाही, पण तिला कळलं, कारण सगळ्या गावाला कळलं. मला तुमचा राग आला, नुसता राग नाही, तुमचं वाईट व्हावं असं वाटलं. आज हे लिहिताना लाज वाटते, पण वाटलं होतं हे खरं.

त्यानंतर आठ दिवसांत मोमिनाबादेत तो समारंभ आला. सरकारची पलटण जर्मनशी लढायला निघालेली, मंडप घातलेला, तालुकदार, तहसीलदार, एक गोरा साहेब आणि त्याची मडम खुर्च्यांवर बसलेले. मंडपात शिरण्याआधी तुम्ही आम्हाला सगळ्यांना बजावलं होतं की आज सरकारची सलामी आणि दोन चाली, बाकी काही नाही. सलामी झाली. दोन चाली झाल्या. तुम्ही छडी खाली घेताय तोच मागून कोणीतरी, सवयीनं, प्रेमानंच, हाक दिली, "मास्तर, जर्मनची होऊ द्या!"

आणि क्लारनेट उठलं. माझ्या जागी आलेल्या त्या बिचाऱ्याची काय चूक, हाक आली की उठायचं हेच त्याला शिकवलेलं. तुम्ही हात वर केलात, पण मागचे सगळे आपोआप शिरले होते. मीसुद्धा झांज मारली, मास्तर. गोरा साहेब तहसीलदाराकडे वळला आणि काहीतरी बोलला. तहसीलदाराचा चेहरा उतरला. तुम्ही बाजा थांबवलात, आयुष्यात दुसऱ्यांदा, आणि या वेळी तुमचे ओठ पांढरे पडले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी कचेरीत फक्त तुम्हाला आणि बाज्यातला जुना म्हणून मला बोलावलं. मेजावर रात्रीच जप्त केलेली वही उघडी पडलेली. कारकून एकेक पान उलटून वाचत होता, जर्मन साहेब, जर्मन साहेब, जर्मन साहेब. अमीनानं विचारलं, "ये किसने लिखा?" ते अक्षर माझं, आणि लढाईच्या दिवसांत असं लिहिणाऱ्याचं काय करतात ते ऐकून होतो.

तुम्ही म्हणालात, "म्याच लिवलं, हुजूर."

ज्याला स्वतःची सही येत नव्हती, अंगठा उठवायचा, तो माणूस म्हणाला मी लिहिलं. अमीनानं खात्री करून घेतली नाही. त्यानं पुढचं विचारलं, ही धून जर्मन दुश्मनाकडून आली की नाही. तुम्ही म्हणालात, "न्हाई हुजूर, धून माझी हाय. मेंढराच्या वाड्यावर बांधली. नाव मोठेपनासाटी लावलं, ती चूक झाली. ह्याला इचारा. ह्यो हुता तितं."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला फक्त "होय" म्हणायचं होतं. एक शब्द. पण होय म्हटलं तर पुढचा प्रश्न येणार, तू होतास तर हे अक्षर कोणाचं? ही भीती होती. आणि भीतीच्या मागे परळीचा रस्ता होता, झांजा होत्या.

मी म्हणालो, "मला म्हाईत न्हाई, साहेब."

तुम्ही माझ्याकडे बघितलंत की नाही ते मला ठाऊक नाही, मी पायांकडे बघत होतो हे वर लिहिलंच आहे. तुम्हाला चार दिवस कोठडीत ठेवलं. सोडलं तेव्हा हुकूम दिला की लढाई संपेपर्यंत बाजा वाजवायचा नाही, आणि सगळी वाद्यं कचेरीच्या आवारातल्या खोलीत कुलपात गेली. तुम्ही भावाच्या मेंढरांमागे गेलात. मी एकदा भेटायला आलो होतो, आठवतं? तुम्ही ताकाचा लोटा पुढे केलात, पावसापाण्याचं बोललात. निघताना इतकंच म्हणालात, "पत्ती वाळू देऊ नगंस." त्यापेक्षा तुम्ही शिव्या घातल्या असत्या तर मी ऋणी राहिलो असतो. लढाई संपायच्या आधी मानमोडीच्या तापाची साथ आली आणि तुम्ही तीन दिवसांत गेलात. नंतर कुलूप उघडलं तेव्हा पितळ हिरवं झालं होतं. वाद्यं सोडवून घ्यायला तुमच्या घरचं कोणी आलं नाही, मी गेलो. वही त्यांतच होती.

आज माझा बाजा आहे, मास्तर. तालुक्यात नाव आहे. लोक अजून हाक देतात, जर्मनची होऊ द्या, आणि मी अजून एकट्यानं उठतो, एकही गिरका न घालता. परवा युसूफ वडगावच्या बाजारात तशीच हाक आली, कोणीतरी जाऊन सांगितलं, आणि काल वहीसकट मी कचेरीत.

"किसकी धुन है ये?"

मी म्हणालो, "माझ्या मास्तरांची. धनगर हुते. मेंढराच्या वाड्यावर बांधली, मी हुतो तितं. वरचं नाव खोटं हाय, आन् ते अक्षर माझं हाय."

एवढं सगळं मी एका दमात बोललो. अमीनानं वहीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि वही माझ्याकडे सरकवत म्हणाला, "अच्छा. नाम बदल दो. जाव." कारकुनानं दौतीत बोरू बुडवलासुद्धा नाही. मी बाहेर आलो आणि पायरीवर बसून राहिलो. इतकंच होतं ते.

आज सकाळपासून वही पुढ्यात घेऊन बसलोय. पहिल्या पानावरचं नाव खोडलं, तुमचं लिहिलं. अक्षर अजून वळणदार आहे. दुसऱ्या पानावर आलो तेव्हा हात थांबला, म्हणून हे पत्र लिहायला घेतलं. सून शेजारणीला सांगते, काल सासरे लई धीरानं खरं बोलले. तिला मी खरं काय ते सांगितलं नाही. तुम्हाला सांगतो. कचेरीच्या खिडकीतून मला तुमची वाद्यं कोंडली होती ती आवारातली खोली दिसत होती. दाराला कुलूप नव्हतं, दार उघडं होतं, आत माझी वाद्यं मावतील एवढी जागा रिकामी होती. मी बाजा वाचवायला बोललो, मास्तर. तुमच्यासाठी नाही.